अस्तर

शनिवार, 3 नोव्हेंबर 1906. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावात नैऋत्य जर्मनीच्या मनोविकारतज्ज्ञांची सभा भरली होती. म्युनिकहून आलेले 42 वर्षांचे डॉक्टर अलॉइस अल्झायमर एका बाईच्या मेंदूविषयी बोलायला उभे राहिले. ही बाई पाच वर्षांपूर्वी, वयाच्या 51व्या वर्षी, फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली होती. रेल्वेतल्या एका कारकुनाची बायको. नवऱ्याचं नाव विचारलं की स्वतःचंच नाव सांगायची, ऑगस्टे. पुढ्यात फ्लॉवर आणि डुकराचं मांस वाढलेलं असताना काय खातेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, पालक. अल्झायमरनी हे सगळं स्वतःच्या हातानं टिपून ठेवलं होतं. 8 एप्रिल 1906 ला ती गेली, तेव्हा ते फ्रँकफर्ट सोडून म्युनिकला आले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, पातळ चकत्या कापल्या, रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या.

भाषण झालं. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

पुढची गोष्ट सगळ्या जगाला पाठ आहे. पेशींच्या आतले ते गुंते, पेशींच्या बाहेरची ती पुटं, आणि 1910 साली मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिननी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला दिलेलं अल्झायमरचं नाव. पण त्या भाषणाचा जो छोटासा वृत्तांत 1907 मध्ये छापून आला, त्यात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एक, मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या होत्या. दुसरी, बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढलेल्या दिसत होत्या, आणि काही ठिकाणी नव्या रक्तवाहिन्याही फुटलेल्या होत्या. एवढं सांगून अल्झायमर पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्यांच्यामागून वैद्यकशास्त्रही वळलं, आणि त्या अस्तराकडे परत यायला त्याला साठ-सत्तर वर्षं लागली.

अस्तर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. शिंप्याकडे कोट शिवायला टाकला की आपण वरचं कापड बोटांनी चाचपून पाहतो, रंग पाहतो, भाव करतो. आतलं अस्तर शिंपी लावेल ते. पण कोट अंगावर सरकतो तो अस्तरामुळे, त्याचा आकार टिकतो तोही अस्तरामुळे, आणि अस्तर उसवलं की वरचं कापड कितीही उंची असलं तरी कोट गेला म्हणून समजावं. रक्तवाहिनीचंही तसंच आहे. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो, लवचीक तंतू असतात. पण रक्ताला प्रत्यक्ष शिवणारा थर जेमतेम एका पेशीच्या जाडीचा. 1865 साली बाझेलमध्ये विल्हेल्म हिस यांनी त्याला ‘एंडोथेलियम’ असं नाव दिलं आणि मग बराच काळ त्याचं फक्त नावच राहिलं.

गंमत अशी की अल्झायमर हे मुळात रक्तवाहिन्यांचे अभ्यासक. ऑगस्टे भेटण्याच्या सात वर्षं आधी, 1894 मध्ये, त्यांनी रक्तवाहिन्या कठीण झाल्याने मेंदू कसा झडतो यावर मांडणी केली होती. त्याच वर्षी येना इथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख ओटो बिन्स्वांगर यांनीही अशाच रुग्णांविषयी लिहिलं. बिन्स्वांगर स्विस. त्यांच्या इस्पितळात 1889 च्या जानेवारीत एक जगप्रसिद्ध रुग्ण येऊन गेला होता, फ्रीडरिश नीत्शे. सव्वा वर्ष तिथे होता. त्याला उपदंशाने आलेलं वेड आहे, असं निदान झालं होतं. ते बरोबर की चूक, यावर लोक आजही वाद घालतात. त्या वादात मला रस नाही. मला रस आहे तो त्यामागच्या अडचणीत. त्या काळात युरोपची वेड्यांची इस्पितळं उपदंशाच्या रुग्णांनी भरलेली होती. चाळिशी-पन्नाशीचा माणूस अडखळत चालू लागला, बोलणं जड झालं, बुद्धी मंदावली की उपदंशाचा शिक्का ठरलेलाच. त्या गर्दीतून वेगळ्या कारणाने बिघडलेला मेंदू ओळखायचा कसा? बिन्स्वांगरना तेच करायचं होतं. त्यांनी दाखवलं की काही रुग्णांच्या मेंदूचं बाहेरचं करडं आवरण ठीकठाक असतं, पण आतला पांढरा भाग, जिथून मज्जातंतूंच्या जुड्या जातात, तो वितळल्यासारखा होतो. सूक्ष्मदर्शकाखालची निरीक्षणं मात्र त्यांच्या लेखात नव्हती. ती भर 1902 मध्ये अल्झायमरनीच घातली.

म्हणजे ऑगस्टेच्या मेंदूकडे पाहणारा माणूस रक्तवाहिन्या न पाहणारा नव्हता. उलट त्यांना वेगळं काही सापडलं ते याचसाठी की रक्तवाहिन्यांनी बिघडलेला मेंदू कसा दिसतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि हा तसा नव्हता.

त्याआधीचा पसारा थोडक्यात सांगतो. झटक्यानंतर, म्हणजे आपण ज्याला लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो त्यानंतर, काही माणसांची बुद्धीही मंदावते, ही नोंद इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी 1672 मध्येच केली होती. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं त्याला त्यांचंच नाव आहे, आणि त्यांच्या 1664 च्या पुस्तकातली चित्रं पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेननी काढली होती. मग फ्रेंच आले. पॅरिसमध्ये 1840 च्या आसपास माक्सिम ड्युरां-फार्देल म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत मसुराएवढे, त्याहूनही लहान खळगे मोजत होते. 1901 मध्ये पिएर मारी यांनी पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या वृद्धाश्रम-इस्पितळातल्या 50 शवविच्छेदनांवरून त्या खळग्यांचं बारकाईने वर्णन केलं. असे खळगे पडलेला म्हातारा पाय उचलत नाही, घासत, लहान लहान पावलं टाकत चालतो, हे त्यांनी नोंदवलं.

ती चाल मी पाहिलेली आहे. माझी एक आत्या शेवटची चार-पाच वर्षं अशीच चालायची. स्वयंपाकघराचा उंबरा आला की थांबायची, जणू नदी आली. आम्हा सगळ्यांची नावं तिला येत होती, पुतण्यांच्या पोरांची सुद्धा, त्यामुळे तिला विसरण्याचा आजार आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. पण चहाचं आधण ठेवून ती ओट्याशी उभी राहायची. साखर आधी, पावडर आधी की दूध, याचा क्रमच लागायचा नाही. पाणी आटून भांडं करपायचं. घरात सगळे म्हणायचे, साठी बुद्धी नाठी. ती तेव्हा सत्तरीची होती आणि गेली वीस वर्षं तिचं बीपी कधी कुणी धड आटोक्यात ठेवलेलं नव्हतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत डॉक्टरही जवळपास आमच्या घरच्यांसारखंच बोलत होते. म्हातारपणी डोकं चालेनासं झालं की ‘मेंदूच्या शिरा कडक झाल्या’. हे निदान म्हणजे घरातला माळा, कुठेच न बसणारं सामान तिथे टाकायचं. अल्झायमरचा आजार पन्नाशीतल्या माणसांचा आणि दुर्मीळ मानला जाई. सत्तरीच्या पुढच्यांसाठी शिरांची सबब पुरेशी होती. शिरा कडक होतात म्हणजे नेमकं काय होतं, आधी काय आणि मग काय, हे कुणी विचारत नव्हतं. वाढलेल्या रक्तदाबाकडे तर कित्येक मोठे डॉक्टर सोय म्हणून पाहत होते: अरुंद नळीतून रक्त ढकलायचं तर जोर लागणारच. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे 1931 मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की, रक्तदाब वाढलेल्या माणसाला मोठा धोका म्हणजे तो वाढल्याचं कळणं, कारण मग कोणीतरी शहाणा तो उतरवायला जाणार. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 होता. दोन महिन्यांपूर्वी याल्टाला स्टालिन आणि चर्चिलसमोर बसलेला हाच माणूस. त्या काळी हाताशी औषधंही नव्हती.

औषधाच्या या गोष्टीत आपली मुंबई येते. 1931 मध्येच कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीवर लिहिलं होतं. त्यांच्या लेखात ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर, अशी दोन्हींवर चालते असं म्हटलं होतं. दोन आजार एका दमात. आज ते वाचताना उगाच थांबायला होतं. मग केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा देऊन रक्तदाबाच्या 50 रुग्णांची पद्धतशीर पाहणी केली आणि ती 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आली. मग जगाचे कान टवकारले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने काही जण खिन्न होत, म्हणून ते पुढे मागे पडलं. पण रक्तदाब उतरवता येतो आणि उतरवला म्हणून माणूस मरत नाही, हे ज्या औषधांनी जगाला पटवलं त्यात त्याची जागा पहिल्या रांगेत आहे.

दरम्यान बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सी. मिलर फिशर नावाचे कॅनेडियन डॉक्टर पिएर मारींचे खळगे पुन्हा उकरत होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं जहाज बुडालं आणि ते साडेतीन वर्षं जर्मनांच्या कैदेत होते. चिकाटी तिथे आली की आधीपासून होती, कोण जाणे. 1965 मध्ये त्यांनी 1042 मेंदूंची तपासणी छापली. त्यांतल्या 114 मेंदूंत खळगे होते. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. एकेका खळग्याकडे जाणारी केसाएवढी रक्तवाहिनी शोधायची, तिच्या एकामागून एक शेकडो चकत्या कापायच्या, आणि ती नेमकी कुठे बंद पडली ते गाठायचं. त्यांना दिसलं की बरेचदा भिंतच बिघडलेली असते. आतून फुगलेली, काचेसारखी झालेली, चरबीचे कण साठलेली. रक्तातलं काहीतरी भिंतीत झिरपत गेल्यासारखी. आता झिरपलं म्हणजे आधी अडवणारं काहीतरी फाटलं असणार, नाही का? फिशरच्या काचपट्ट्या इथपर्यंत येऊन थांबतात. मेलेल्या माणसाच्या मेंदूत शेवट दिसतो, सुरुवात दिसत नाही.

आणि नेमकं तेव्हाच वारं फिरलं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या टॉम्लिन्सन, ब्लेस्ड आणि रॉथ या तिघांनी बुद्धिभ्रंश झालेल्या आणि न झालेल्या म्हाताऱ्यांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवून मोजदाद केली. 1970 मध्ये त्यांनी बुद्धिभ्रंश झालेल्या 50 वृद्धांचे मेंदू तपासून सांगितलं की यातल्या पुष्कळांना ऑगस्टेचाच आजार आहे, शिरांचा नाही. रक्ताअभावी मऊ पडलेला भाग सुमारे 100 मिलिलिटरच्या वर गेला तर बुद्धी जाणारच, पण असे रुग्ण कमी. मग 1974 मध्ये हॅचिन्स्की, लासेन आणि मार्शल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की ‘कडक शिरांचं वेड’ हा शब्दच टाकून द्या. रक्तवाहिन्यांमुळे बुद्धी जाते ती लहान-मोठे झटके येऊन मेंदूचे तुकडे मेल्यामुळे. माळा साफ झाला. त्याबरोबर एक समजही रुजला: रक्तवाहिनी म्हणजे नळ. तुंबला तर नुकसान, नाही तुंबला तर नाही.

या साफसफाईचा फायदा मोठा झाला. अल्झायमरच्या संशोधनाला पैसा मिळाला, माणसं मिळाली. पण नळाची प्रतिमा अपुरी होती, आणि हे ज्यांना कळत होतं ते मेंदूचे डॉक्टर नव्हतेच.

एक होते हॉवर्ड फ्लोरी. पेनिसिलिनसाठी 1945 चं नोबेल मिळालेले ऑस्ट्रेलियन. आयुष्याच्या उत्तरार्धात ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडे वळले आणि 1966 मध्ये त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. इतकी वर्षं लोकांनी या पेशींना सेलोफेनच्या कागदापेक्षा जास्त किंमत दिली नाही, फार तर केंद्रक असलेला सेलोफेन, असं त्यांचं म्हणणं होतं. मिठाईच्या पुडक्यावरचा तो चकचकीत कागद. आत काय आहे ते दिसावं म्हणून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर मात्र तो कागद गजबजलेला निघाला.

दुसरा धागा मेंदूचाच, पण आडवाटेने आलेला. 1885 मध्ये पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. सगळं अंग रंगलं, मेंदू पांढराच राहिला. एर्लिखना वाटलं, मेंदूला हा रंग धरतच नाही. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी 1913 मध्ये तोच प्रयोग उलटा केला: रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात घातला. मेंदू निळा झाला, बाकीचं अंग नाही. म्हणजे मधे कुंपण आहे. पण कुंपण नेमकं कुठे? उत्तर यायला 1967 उजाडलं. हार्वर्डमध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी उंदरांच्या रक्तात एक प्रथिन सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कुठवर पोचतं ते पाहिलं. ते अडकलं होतं अस्तराच्या दोन पेशींच्या सांध्यात. बाकी अंगात या पेशींमध्ये फटी असतात, मेंदूत त्या एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. ज्याला सगळे कागद समजत होते तीच मेंदूची वेस होती.

तिसरा धागा ब्रुकलिनचा, आणि तो एका चुकीतून निघाला.

रॉबर्ट फर्चगॉट हे ब्रुकलिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातले औषधशास्त्राचे प्राध्यापक. सशाची महाधमनी काढायची, पट्टी कापायची, मिठाच्या पाण्यात टांगायची, औषध टाकायचं आणि पट्टी आखडते की सैल पडते ते पाहायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. त्यांना एक कोडं सतावत होतं. अ‍ॅसिटिलकोलीन जिवंत प्राण्याला टोचलं की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. पण त्यांच्या टांगलेल्या पट्ट्या त्याच औषधाने आखडायच्या. 1978 मध्ये त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाच्या क्रमात गफलत झाली. आधीचं औषध धुवायचं राहून गेलं आणि पुढचं पडलं. पट्टी सैल पडली. फर्चगॉटनी चूक म्हणून ती नोंद फेकली नाही. ते बसून तपासत गेले आणि कळलं की या खेपेला पट्टीची आतली बाजू शाबूत होती. इतकी वर्षं पट्टी कापताना, हाताळताना त्यांचीच माणसं आतली बाजू नकळत घासत होती आणि अस्तर निघून जात होतं. अस्तर आहे तर औषधाने नळी सैल पडते. अस्तर घासलं की आखडते. हलक्या हाताने घासणं, एवढाच फरक.

मग त्यांनी सँडविचची युक्ती काढली. अस्तर घासून काढलेली पट्टी घ्यायची आणि तिच्यावर अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी तोंडाला तोंड लावून ठेवायची. औषध टाकल्यावर अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी बाहेर पडतं आणि शेजारच्या स्नायूला सांगतं, सैल हो. 1980 मध्ये फर्चगॉट आणि त्यांचे विद्यार्थी जॉन झावाड्झ्की यांनी हे ‘नेचर’मध्ये छापलं. ते ‘काहीतरी’ काय, यावर सात वर्षं डोकेफोड झाली. निघाला एक वायू, नायट्रिक ऑक्साइड. काही सेकंद टिकणारा, मोटारीच्या धुरात सापडणारा. 1987 मध्ये साल्व्हादोर मोंकादा यांच्या लंडनमधल्या गटाने तो पकडून दाखवला, आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. मोंकादांना नाही. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत, हे मान्य. तरी ते खटकतं.

आता या तिन्ही धाग्यांची गाठ मेंदूत मारून बघा.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो सुमारे वीस टक्के खातो, आणि साठवून काही ठेवत नाही. रोजच्या रोज, क्षणाच्या क्षणाला. म्हणून त्याच्यातल्या रक्तवाहिन्यांचं जाळं अफाट आहे. एकापुढे एक जोडल्या तर सुमारे 600 किलोमीटर, मुंबईहून निघून पणजीला पोचण्याइतक्या. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथलं अस्तर लगेच नायट्रिक ऑक्साइड सोडतं, वाट रुंद होते, रक्त येतं. बिघडलेलं अस्तर हे करत नाही. रक्तवाहिनी तुंबलेली नसते, उघडीच असते. पण मागणी आली की पुरवठा वाढत नाही. माझ्या आत्याला बसल्या बसल्या सगळं आठवायचं आणि चहा करताना गोंधळ व्हायचा, त्याचं गणित कदाचित इथे बसत असेल. अर्थात तिच्या मेंदूचं चित्र कुणी कधी काढलं नाही, तेव्हा हा माझा तर्क.

त्याच वायूमुळे रक्तातल्या चपट्या पेशी अस्तराला चिकटत नाहीत. तो कमी पडला की गुठळ्यांना जागा मिळते. आणि शिवण सुटली की रक्तातली प्रथिनं भिंतीत आणि भिंतीपलीकडे झिरपतात. फिशरना काचेसारखी झालेली भिंत दिसली होती, ती अशी होते. भिंत जाड झाली की नळी आतून अरुंद होते आणि ताठ होते.

सगळ्यात आधी कोण होरपळतं? कालव्याच्या टोकाचं शेत. ज्याने टेलच्या शेतकऱ्याचं दुःख ऐकलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. वरच्या गावांची भरणी झाल्यावर उरलं तर पाणी. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिन्या लांब, बारीक आणि एकट्या असतात. एक बंद पडली तर शेजारून पाणी फिरवता येत नाही. बिन्स्वांगरना 1894 मध्ये बाहेरचं आवरण शाबूत आणि आतला पांढरा भाग गेलेला दिसला, त्याचं कारण हे. त्या भागातल्या तारा तुटल्या की मेंदूची एक खोली दुसरीशी बोलेनाशी होते. आठवणी जागच्या जागी असतात. क्रम लावणं, बेत आखणं, झटकन ठरवणं, पाय उचलणं हे बिघडतं.

1971 मध्ये लंडनला सीटी स्कॅन आला, पुढच्या दशकात एमआरआय, आणि जिवंत म्हाताऱ्यांच्या मेंदूत हे पांढऱ्यातलं बिघडणं ढगांसारखं दिसू लागलं. 1987 मध्ये हॅचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं. तेच हॅचिन्स्की, ज्यांनी सगळं झटक्यांवर आणून ठेवलं होतं. स्वतःच्याच चौकटीत न बसणाऱ्या गोष्टीला नाव द्यायला मोठं मन लागतं.

मग एडिंबरा. तिथल्या जोॲना वॉर्डलॉ यांनी 2003 मध्ये सरळ प्रश्न टाकला: हे खळगे, हे ढग आणि हा स्मृतिभ्रंश, या तिन्हींच्या मुळाशी गळकं अस्तरच तर नाही? शिरेतून औषध देऊन एमआरआयवर ते मेंदूत किती झिरपतं हे मोजता येतं. त्यांच्या गटाने ते मोजलं, आणि छोट्या वाहिन्यांच्या झटक्यांच्या रुग्णांत गळती जास्त निघाली. तरी शंकेखोर विचारणारच: आधी काय? रक्तदाबाने अस्तर बिघडलं की अस्तर बिघडल्यामुळे पुढचं सगळं?

याचं एक उत्तर क्योटोच्या उंदरांनी दिलं. ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 मध्ये जन्मजात रक्तदाबाच्या उंदरांची जात तयार केली होती. त्यातूनच पुढे झटक्यांनी मरणारी उपजात निघाली. एडिंबरामध्ये अ‍ॅना विल्यम्स यांच्या गटाने या उंदरांची पिल्लं रक्तदाब वाढायच्या आधीच तपासली. अस्तर तेव्हाच बिघडलेलं होतं, एका जनुकातल्या दोषामुळे. ते अस्तर एक प्रथिन बाहेर सोडत होतं आणि मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणाऱ्या पेशी त्यामुळे पिकतच नव्हत्या, कच्च्याच राहत होत्या. रक्त कमी पडलं म्हणून नव्हे. शेजारणीने वाईट शिकवलं म्हणून. अस्तर सावरणारी औषधं दिल्यावर त्या उंदरांच्या मेंदूतला बिघाड काहीसा मागे फिरला. हे 2018 मध्ये छापून आलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि माणसात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू हे सगळे मिळून अस्तर झिजवतात. तरी आधी काय आणि मग काय याचा क्रम निदान एका ठिकाणी तरी डोळ्यांनी दिसला.

माणसांवरची चाचणी 2023 मध्ये आली, ब्रिटनमधल्या 26 इस्पितळांतून घेतलेल्या 363 रुग्णांवर. सगळ्यांना छोट्या वाहिन्यांचा झटका येऊन गेलेला. औषधं दोन, दोन्ही जुनी: सिलोस्टाझोल आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. वर्षभराने, विशेषतः दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत, बुद्धी मंदावण्याचं आणि परावलंबी होण्याचं प्रमाण कमी असल्याची चिन्हं दिसली. चाचणी छोटी होती, औषधं सोसवतात का आणि रुग्ण टिकून राहतात का एवढंच पाहण्यासाठी आखलेली. पक्का निकाल मोठ्या चाचणीशिवाय लागत नाही.

यातलं दुसरं औषध शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइड देतं, म्हणजे ब्रुकलिनच्या पट्टीने जे मागितलं होतं तेच. ते आपल्या ओळखीच्या सॉर्बिट्रेटच्या घराण्यातलं. छातीत दुखलं की जिभेखाली धरायची ती गोळी, जुन्या माणसांच्या सदऱ्याच्या खिशात सुपारीच्या डबीशेजारी असायची. या घराण्याचा मूळपुरुष नायट्रोग्लिसरिन, सुरुंगातला. आल्फ्रेड नोबेल यांनी त्याच्यावर कारखाने उभे केले आणि आयुष्याच्या शेवटी हृदयाच्या दुखण्यावर त्यांच्या डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. ते का चालतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नोबेल 1896 च्या डिसेंबरात इटलीत, मेंदूत रक्तस्राव होऊन गेले.